सेव्हरमसाठी स्थळ पाहणे

लग्न ही दोन जीवांची गाठ असते, आणि कोणतीही गाठ आपोआप बसत नाही. ती मारायला तिसरं माणूस लागतं. वसईजवळच्या निर्मळ गावात आणि आसपास हे तिसरं माणूस गेली एकोणपन्नास वर्षं रखमाबाई होत्या. त्यांनी जुळवलेली लग्नं एक्केचाळीस. पैकी मोडलेली, शून्य. (दोघींचे नवरे वारले, पण त्याला मोडणं म्हणत नाहीत.)

हा शंभर टक्क्यांचा निकाल काही हवेतून काढलेला नव्हता. त्यामागे पाहणीची पक्की पद्धत होती. दर संक्रांतीला रखमाबाई तिळगूळ घेऊन आपण जुळवलेल्या प्रत्येक घरी जात आणि सुनेला तिच्या सासूसमोर उभं करून विचारत, "काय गं, कसं चाललंय?" एक्केचाळीसच्या एक्केचाळीस जणी म्हणत, "बरं चाललंय." एवढी एकवाक्यता ग्रामसभेत चहाच्या ठरावावरही होत नाही.

स्थळ पाहण्याचे त्यांचे निकषही ठरलेले. पूर्वी त्या मुलाकडची विहीर, केळीची बाग आणि सासूचा आवाज (ओटीपर्यंत पोचतो की थेट रस्त्यापर्यंत) पाहत. पुढे विहिरीच्या जागी बोअरिंग आलं, बागेच्या जागी इमारत आली, पण आवाजाचा निकष तसाच राहिला. मुलीकडे मात्र फार पाहावं लागत नसे. रंग उजळ आणि मान खाली, एवढं पुरे.

अशा घरात रखमाबाईंच्या नातवाने, अनुजने, मासे पाळायचं ठरवलं. अनुज वसईला एका कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसतो, आणि घरी आल्यावर काचेत काहीतरी हलतं पाहिल्याशिवाय त्याला करमत नाही. त्याने चार फुटांची, तीनशे लिटरची टाकी आणली आणि ती ऋतिकाच्या खोलीत ठेवली. ऋतिका त्याची धाकटी बहीण. ती दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन केळव्याला गेली (स्थळ क्रमांक एक्केचाळीस), तेव्हा खोली रिकामीच होती. रिकामी म्हणजे तिचा पलंग, तिचं कपाट आणि तिची पुस्तकं सोडून.

टाकीत ठेवायला त्याने सेव्हरम नावाचे मासे ठरवले होते. हा मासा ॲमेझॉन नदीकडचा. बशीसारखा चपटा आणि गोल, वाढला तर हातभर नाही पण वीतभर नक्की. बहुतांशी शाकाहारी, सोललेले वाटाणे आणि उकडलेला पालक मिटक्या मारत खातो. स्वभावाने इतरांपेक्षा शांत, आणि एकदा जोडी जमली की सहसा सोडत नाही. अनुजने हे मोबाइलवर वाचून दाखवलं तेव्हा रखमाबाई स्तब्ध झाल्या. शाकाहारी, शांत आणि एकपत्नी, असं स्थळ गेल्या तीस वर्षांत त्यांच्या पाहण्यात आलं नव्हतं. त्यांचे चिरंजीव दयाराम मात्र मासा पाहून एवढंच म्हणाले की हा तर चिलापीसारखा दिसतो, मग खायचा का नाही? (पुढे घरी आलेल्या दहा पाहुण्यांपैकी नऊ जणांनी हेच विचारलं. दहावा उपासाला होता.)

या घरात रखमाबाईंनी पाहिल्याशिवाय कोणाचीच जोडी लागलेली नाही. तेव्हा मासे पसंत करायला त्या स्वतः वसई गावातल्या मार्कच्या दुकानात गेल्या. मार्क पंचवीस वर्षं मासे विकतो आणि गिऱ्हाइकाला खरं सांगतो, त्यामुळे दुकान अजून भाड्याचंच आहे.

"आजी, सहा पिल्लं न्या," तो म्हणाला. "एकत्र वाढू देत. त्यातली दोघं आपापली जमतात. बाकीची मी परत घेईन."

रखमाबाईंनी पदर सावरला. सहा तरण्याताठ्यांनी एकाच घरात वाढायचं, आपापलं जमवायचं, आणि वडीलधाऱ्यांनी फक्त वाटाणे सोलायचे, ही पद्धत ॲमेझॉनला चालत असेल. निर्मळला नाही. त्यांनी नर निवडला तो थोराड, हिरवट, गालावर काळ्या रेघांची नक्षी असलेला, अर्धी टाकी एकट्याने अडवून बसलेला; म्हणजे स्वतःची जागा असलेला. मादी निवडली ती दुसऱ्या टाकीतली, सोनेरी, म्हणजे रंगाने उजळ. ती कोपऱ्यात राही आणि बाकीच्यांचं खाऊन झाल्यावरच पुढे येई. मार्कच्या मते ती घाबरट होती. रखमाबाईंच्या मते संस्कारी. (या दोन गोष्टींत बाहेरून फरक दिसत नाही.)

टाकीपुढे नारळ फोडून स्थळ क्रमांक बेचाळीस यथासांग पार पडलं. अक्षता तेवढ्या टाकता आल्या नाहीत, कारण पाणी नासतं असं अनुजचं म्हणणं पडलं.

त्याच आठवड्यात ऋतिका आठ दिवसांसाठी माहेरी आली. त्या आठ दिवसांतला सतरावा दिवस उजाडला तरी तिने बॅग भरायला घेतली नव्हती. तशी तिची काही तक्रार नव्हती. लग्नाआधी ती वसईला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. ती नोकरी सुटली, कारण केळव्याहून लांब. मग पालघरला मिळत होती तीही नको झाली, कारण जवळ; जवळ असली की सारखी जाईल. फोन सासूबाईंसमोर, स्पीकर लावून बोलायचा, कारण चांगल्या घरात लपवण्यासारखं काय असतं? नवरा भला माणूस होता. आवाज चढवायचा तो फक्त घरात. बाहेर त्याला कोणी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही.

ऋतिका सतरा दिवस पलंगावर बसून टाकीकडे पाहत होती, त्यामुळे स्थळ क्रमांक बेचाळीसमधल्या किरकोळ कुरबुरी प्रथम तिच्याच ध्यानात आल्या. नर मादीच्या अंगावर धावून जाई. मादी फिल्टरच्या मागे जाई. त्याचं पोट भरल्यावर उरलेल्या वाटाण्यासाठी ती बाहेर आली की तो पुन्हा धावे. तिची शेपटी एका बाजूने विरलेल्या लुगड्यासारखी झाली होती.

रखमाबाई डगमगल्या नाहीत. अशा प्रसंगी द्यायच्या चार मात्रा त्यांच्याकडे होत्या, आणि त्या एकोणपन्नास वर्षं गुणकारी ठरल्या होत्या. पहिली, "नवीन घर आहे, रुळेल." एक आठवडा दिली, रुळली नाही. दुसरी, "टाळी एका हाताने वाजत नाही." मादीचं काय चुकतं यावर लक्ष ठेवण्यात आलं, तेव्हा आढळलं की ती वारंवार त्याच्या नजरेसमोर येते. (टाकी चार फुटांची होती.) तिसरी, "मूलबाळ झालं की सुधारेल." अंडी घालायला टाकीत एक सपाट दगड ठेवला, नराने दगडही ताब्यात घेतला. चौथी मात्रा सगळ्यांत जालीम, "लोक काय म्हणतील?" पण त्या टाकीत लोक म्हणजे काच साफ करायला ठेवलेला एक सकर मासा होता, आणि तो सगळं डोळ्यांदेखत होत असताना, समाजाची रीत पाळून, काच चाटत बसला होता.

याच चार मात्रा त्याच दिवसांत त्याच क्रमाने ऋतिकालाही चालू होत्या. औषध एकच असल्यावर रोगी बदलून चालतो.

तेवढ्यात केळव्याहून निरोप आला की रविवारी विहीणबाई आणि जावयाचे काका श्रीपतराव न्यायला येतील, बॅग भरून ठेवा. शनिवारी दुपारी रखमाबाई बॅगेचं काय झालं ते पाहायला खोलीत गेल्या. ऋतिका टाकीसमोर वाटाणे सोलत होती. सोनेरी मादी फिल्टर आणि काचेच्या सांदीत डोकं खाली करून उभी होती, आणि नर समोर फेऱ्या मारत होता.

रखमाबाई म्हणाल्या की बघ कशी लपून बसते, जरा पुढे होऊन समजुतीनं घेतलं तर तोही...

"आजी, ती लपत नाहीये," ऋतिका म्हणाली. "तिला जायला जागा नाही."

आणि ती पुन्हा वाटाणे सोलू लागली.

रखमाबाईंनी अनुजला मार्कचा फोन लावायला सांगितला. त्यांना एकच माहिती हवी होती. या माशांच्या गावी, त्यांच्या नदीत, असं स्थळ लागलं तर काय होतं?

"नदीत असं होतच नाही ना, आजी," मार्क म्हणाला. "नाही पटलं तर ती निघून जाते. नदी केवढी मोठी! टाकीत कुठे जाणार? टाकीत दोनच होतं. एक तर जोडी टिकते, नाही तर मासा जिवानिशी जातो."

त्यावर उपाय काय?

"दुसरी टाकी. जोडी ठेवणाऱ्याने आधी दुसरी टाकी भरून ठेवायची असते. मी पहिल्या दिवशीच बोलणार होतो, पण तुम्ही तिचे संस्कार बघत होतात."

रखमाबाई ओटीवर जाऊन बसल्या. मादीला बावखलात सोडून द्यावं असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी वाडीला पाणी पुरवणाऱ्या त्या तळ्यात मासे कोणी आणून सोडले नव्हते की कोणाची जोडी लावली नव्हती, आणि तरी दर वर्षी पिल्लांनी पाणी काळं दिसे. पण परदेशी मासा गावच्या पाण्यात सोडू नये असं अनुजने बजावलं होतं. शिवाय अर्धं बावखल बुजवून तिथे आता दयारामची गाडी उभी असते.

रखमाबाईंची आठवण गावात नावाजलेली. कोणाच्या मांडवात कोणती पंगत, कोण रुसलं, कोणाचा बँड उशिरा आला, सगळं तोंडपाठ. त्या दुपारी ती आठवण पहिल्यांदाच मांडव उतरवल्यानंतरच्या दिवसांकडे वळली. नऊ नंबरची एकदा पिशवी घेऊन माहेरी आली होती. वडिलांनी तिला केळीचा घड देऊन संध्याकाळच्या एसटीने परत पाठवलं. रखमाबाईंनी वडिलांचं कौतुक केलं होतं. तेविसाव्या नंबरने एका तिळगुळाला सासू आत गेली तेवढ्यात विचारलं होतं, "मावशी, मी चार दिवस तुमच्याकडे येऊन राहू?" रखमाबाई म्हणाल्या होत्या, जरूर, पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यात त्यांनी विचारलं नाही आणि तिने आठवण करून दिली नाही. दोन्ही लग्नं आजतागायत टिकून आहेत.

संध्याकाळी मार्क स्वतः दुसरी टाकी घेऊन आला. आता हलवायचं कोणाला, असा प्रश्न निघाला. रिवाजाप्रमाणे जिने सोसलं तिनेच जागा सोडायची असते. इथे नजरचुकीने उलट झालं. रखमाबाईंनी नराला ओटीवरच्या छोट्या टाकीत काढायला लावलं, आणि मादी मोठ्या टाकीत राहिली. पहिला अर्धा तास ती सांदीतून बाहेर आली नाही. मग टाकीच्या मधोमध आली आणि उगाचच या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहत राहिली.

रविवारी विहीणबाई आणि श्रीपतराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ओटीवरच्या टाकीतला नर आपल्याच काचेतल्या प्रतिबिंबावर धावून जात होता, त्याचं श्रीपतरावांनी कौतुक केलं. चहा झाला. मग विहीणबाईंनी बॅगेचं विचारलं. दयाराम जमिनीकडे पाहू लागले. हे काम आजवर नेहमी रखमाबाईंनी केलं होतं. मुलीच्या पाठीवर हात ठेवायचा, चारपैकी एक मात्रा द्यायची आणि गाडीत बसवायचं.

"ती यायची नाही," रखमाबाई म्हणाल्या. "तिची इथे खोली आहे."

विहीणबाई हसल्या. म्हणाल्या, "अहो, तुमची चाळीस टिकली. हे मोडलं तर तुमच्या नावाचं काय होईल?"

"नाव माझं आहे, विहीणबाई. राहायचं तिला आहे."

ऋतिका खोलीच्या दारात उभी होती. आत जाऊन तिने पलंगाखालची रिकामी बॅग काढली आणि माळ्यावर टाकली.

रखमाबाईंचा निकाल शंभर टक्क्यांवरून सत्त्याण्णव टक्के छप्पन्न शतांशावर आला. आता आपल्याकडे स्थळ विचारायला कोणी यायचं नाही, असं त्यांनी धरून ठेवलं. पण उपवर मुलींच्या बापांना निकाल वाचायला वेळ नसतो. ते येत राहिले. रखमाबाई अजूनही स्थळं काढून देतात. फक्त पूर्वी त्या मुलाचं घर पाहून येत, आता मुलीचं पाहतात. बापाला एवढंच विचारतात की मुलगी परत आली, तर तिची खोली कुठली?

आजवर बारा घरांची पाहणी पूर्ण झाली आहे. बाराही बाप प्रेमळ, प्रश्न ऐकून तिघांचे डोळे भरून आले. एका घरी थोरलीच्या खोलीत व्यायामाची सायकल होती, तिच्यावर कपडे वाळत होते. एका ठिकाणी मुलगा घरून नोकरी करतो. एका ठिकाणी देवघर झालं आहे, आणि देवाला हलवायचं तर मुहूर्त लागतो. जूचंद्रच्या एका नव्या इमारतीत मुलीचं लग्न अजून ठरायचं होतं, पण सुतार खोलीचं माप घेऊन गेला होता. बाराव्याने मात्र छातीवर हात ठेवून सांगितलं की सगळं घरच तिचं आहे. कुठला कोपरा, असं विचारल्यावर तो इकडेतिकडे पाहू लागला.

आपल्याकडे यातलं काहीच नाही, याची खात्री आहे. आपण मुलीला पाठवताना रडलो, हे घर तुझंच आहे म्हणालो, आणि ते मनापासून म्हणालो. तरी हे वाचून झाल्यावर, पाय मोकळे करायला म्हणून, तिच्या खोलीपर्यंत एकदा जाऊन यावं. दार पूर्ण उघडतंय का बघावं. अर्ध्यात अडलं, तर जोर लावू नये. मागे काय ठेवलंय, ते ठेवणाऱ्याला माहीत असतं.