कोतवालीने फोनास कान लाविला आणि सखोजी रांजणे सुटले त्याची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करोन, वाग्देवीस नमन करोन, आणि जे बोलिले व ज्यांनी चोरोन ऐकिले त्या उभयतांस दंडवत घालोन लिहितो. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी राज्यात ऐसे वर्तमान जाहले की, नदीपलीकडील जकातनाका जळाला आणि आत असलेला पहारेकरी मृत्यू पावला. मग दरबारची मर्जी खपा जाहली आणि कोतवाल तुळाजीराव भोइटे यांस ताकीद गेली की गुन्हेगार हजर करावा. तेव्हा कोतवालांनी वीटभट्टीवाले सखोजी रांजणे यांस धरिले. कारण त्यांचा नाक्याशी तंटा होता, आणि कोतवालीने त्यांच्या फोनास आधीपासोनच कान लाविला होता. नाका जळाला त्याच दिवशी सखोजी भावास बोलिले होते, "पेटले एकदाचे. आता मागे फिरणे नाही." एवढ्या बोलण्यावर खुनाचा खटला उभा राहू लागला.

मग सखोजींनी सगुणाबाई मोघे यांस वकील नेमिले आणि तुरुंगात भेट होताच म्हणाले, "बाई, मी भट्टीविषयी बोललो हो! ओली माती, पेटतच नव्हती. ते बोलणं कोर्टात ऐकवा, म्हणजे सुटलो."

बाई म्हणाल्या, "त्या बोलण्यात भट्टीचं नाव कुठे आहे? ऐकणाऱ्याला नाकाच ऐकू येईल. खटला चालण्याआधी आपण एवढंच विचारायचं, की कान लावायला परवानगी कोणी दिली?"

"म्हणजे मी खरा की खोटा, हे कोणी विचारणारच नाही?"

"आत्ता नाही."

सखोजींस हे उमजले नाही, आणि खरे सांगावे तर लिहिणारासही उमजले नाही. परंतु सखोजींनी मान डोलाविली आणि अर्ज गुदरला. राज्याचा कायदा ऐसा की, कोणाचे बोलणे ऐकणे तर गृहखात्याच्या सचिवांची परवानगी पाहिजे. तातडी असेल तर खालचा अंमलदार सही करील, परंतु मागाहून सचिवांची मंजुरी घेणे. मग न्यायाधीश त्र्यंबकपंतांनी पाहिले तो सही खालच्या अंमलदाराची, आणि मंजुरी कोठेच नाही.

पंतांनी विचारिले, "तातडी कसली होती?"

कोतवाल म्हणाले, "होती, साहेब. फार होती."

"पण कसली? नाका तर तेव्हा जळालाच नव्हता."

"नव्हता. म्हणूनच तातडी होती."

सरकारी वकील खाली पाहू लागले आणि पंतांनी हे उत्तर लिहवून घेतले, परत वाचावयास लाविले, आणि तरीही त्याचा अर्थ लागेना. मग आज्ञा जाहली की, परवानगी बेकायदा, सबब ऐकिलेले बोलणे पुराव्यात घेणे नाही. दुसरा पुरावा कोतवालीपाशी नव्हताच; मग खटला ढासळला आणि सखोजी मुक्त जाहले. भावाने पेढे वाटिले आणि सगुणाबाईंनी हात जोडोन निरोप घेतला.

तो कोर्टाच्या पायरीवर मयत पहारेकऱ्याची बायको द्वारकाबाई आडवी आली आणि म्हणाली, "दादा, ते बोलणं तुमचंच ना?"

"माझंच, ताई. पण ते भट्टीचं होतं. देवाशपथ."

"मग ते ऐकू नका, म्हणून तुम्हीच का सांगितलंत?"

सखोजी कायदा सांगू लागले, "सचिव" म्हणाले, "सही" म्हणाले. तोवर बाई निघोन गेली.

येणेप्रमाणे कायद्याची शान राहिली, कोतवालांस ताकीद पोचली आणि सखोजी घरी आले. नाका कोणी जाळिला, हे अद्याप कळले नाही. सखोजी हल्ली फोनवर बोलत नाहीत, आणि समोरासमोरही फारसे नाहीत.