जुळ्यांचं श्रेय कुणाचं?

जुळी होणं हे सोम्यागोम्याचं काम नव्हे. त्याला घराणं लागतं! आणि ते घराणं माझं, हे मी छातीठोकपणे सांगत होतो. माझे वडील आणि काका जुळे. एकाला शिंक आली की दुसरा रुमाल काढायचा. आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या महिन्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन ठोके दिसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अभिनंदन! दोघं आहेत."

"अंदाज होताच!" मी म्हणालो. बायको तोंडाला पदर लावून बसली होती. तिला तेव्हाही मळमळत होतं.

घरी येऊन मी सासऱ्यांना फोन लावला. सासरे निवृत्त हेडक्लार्क. कागदाशिवाय पाणी पीत नाहीत.

"त्यात नवल ते काय, जावईबापू! आमच्या हिच्या मावश्या जुळ्या होत्या. ही आमच्याकडची देणगी."

देणगी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मामा, माझे सख्खे वडील जुळे आहेत!"

"असतील. पण ही पोरं तुमच्या वडिलांच्या पोटात वाढतायत का?"

आता मी धंद्याने पेंटर. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या पाट्या रंगवतो. हात शिवशिवायला लागले. सहा फुटी फळी आणली आणि तिच्यावर आमचा अख्खा वंशवृक्ष काढायला घेतला. साधी माणसं काळ्या रंगात, जुळी लाल!

"अहो, त्या वासाने पोटात ढवळतंय," आतून बायको म्हणाली.

"थांब गं, फक्त काका राहिलेत!"

काका होईपर्यंत ती उशी घेऊन शेजारच्या वहिनींकडे झोपायला गेली. म्हटलं, बरंच झालं, फळी आडवी ठेवायला जागा झाली.

तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला सासरे फाइल काखोटीला मारून दवाखान्यात हजर! फाइलमध्ये मावश्यांचा फोटो, मावश्यांची पत्रं, मावश्यांचे शाळेचे दाखले. मीही फळी घेऊन गेलो होतो. बाकाच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली. सकाळीच लालचा शेवटचा हात दिला होता, हे मला ठाऊक होतं. सासऱ्यांना नव्हतं. ते ऐसपैस टेकून बसले.

अर्धा तास आम्ही हमरीतुमरीवर येऊन भांडलो. शेवटी सासरे तावातावाने उठले, आणि बाकांवरच्या सगळ्या गरोदर बायका पोट धरून हसायला लागल्या. सासऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर माझे वडील आणि काका, दोघंही, उलट्या अक्षरांत छापून निघाले होते!

"हे मुद्दाम केलंत!" सासरे गरजले.

"मुद्दाम? माझे वडील पुसले तुम्ही! आता ते कोण रंगवणार?"

"आवाज कमी!" नर्स कडाडली. "भांडताय कुणावरून? तुमचा पेशंट कुठाय?"

आम्ही दोघांनी बाकाकडे पाहिलं. बायको नव्हती. तिचा नंबर येऊन वीस मिनिटं झाली होती.

आम्ही आत घुसलो. ती तपासणी आटोपून पलंगावर उठून बसली होती. मी म्हणालो, "डॉक्टर, एकदाचा निकाल द्या. जुळी कुणाकडून आली?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "दोन वेगळ्या बीजांडांपासून जुळी झाली, तर आईच्या घराण्याचा थोडाफार हात असतो."

सासऱ्यांची छाती इतकी फुगली, की पाठीवरचे काका ताणले गेले.

"पण इथे दोघांत मिळून वार, म्हणजे प्लासेंटा, एकच आहे. म्हणजे सुरुवातीला गर्भ एकच होता, त्याचे दोन झाले. ते का होतात, कुणालाच सांगता येत नाही. त्यात सहसा घराण्याचा संबंध नसतो. योगायोग!"

योगायोग! अहो, सहा फूट फळी, दोन डबे रंग, आणि योगायोग? मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंचा आवाज बदलला.

"नीट ऐका. दोन्ही बाळांचं पोषण एकाच वारेतून होतंय. कधीकधी एकाला जास्त मिळतं, एकाला कमी. म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासायचं, चुकवायचं नाही. हिला झोप लागते का? खाल्लेलं टिकतं का?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी फाइलकडे पाहिलं. फाइलमध्ये ते नव्हतं.

"पाच आठवडे काही टिकत नाही," बायको हळूच म्हणाली. "कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही."

सासरे खाली बसले आणि लेकीच्या पायांत चपला सरकवू लागले. मी तिला हात दिला. तिने तो घेतला. पण लगेच नाही.

तेव्हापासून मी रंगाचं काम बाहेर करतो आणि एकही तपासणी चुकवत नाही. परवा खिडकीवर नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "पेशंटबरोबर कोण?"

"पिशवी धरणारे," बायको म्हणाली.

असा संताप आला म्हणून सांगू! भर दवाखान्यात नवऱ्याची ही किंमत? चांगलं खडसावणार होतो. पण एका हातात पिशवी, दुसऱ्यात तिची पाण्याची बाटली आणि दातांत फाइल. बोलणार कसा?