अंगणातून जायचं तर समीकरण सोडवा

भोईर बाईंच्या अंगणातून स्टेशनकडे जायचं असेल, तर आधी एक गणित सोडवावं लागतं.

थट्टा नाही. भिसेगावात आमची गल्ली जिथं संपते तिथं ओढा आडवा येतो. तो ओलांडायला दोन दगडी फरश्या आहेत, त्या नेमक्या बाईंच्या परसात. फाटकातून शिरायचं, अंगण पार करायचं, फरश्यांवरून पलीकडे उतरायचं, की पाच मिनिटांत स्टेशन. नाहीतर मोठ्या रस्त्यानं वीस मिनिटांचा वळसा. फाटकाजवळ एक फळा टांगलेला असतो, त्यावर रोज सकाळी नवं समीकरण, आणि शेजारी खुर्चीत बाई. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शाळेनं त्यांना निरोप दिला, पण त्यांनी शाळेला दिलेला नाही.

मी नववीत होते तेव्हाचा माझा पहिला फळा अजून आठवतो.

(क्ष − ३)² + (य − ५)² = ०

"बाई, अव्यक्तं दोन आणि समीकरण एकच. हे सुटणार कसं?" मी बाणेदारपणे विचारलं.

"वर्ग कधी शून्याच्या खाली जातो का गं?"

"नाही."

"मग दोन वर्गांची बेरीज शून्य कधी येईल?"

मी ओढ्याकडे बघत उभी राहिले. ओढा काही बोलला नाही. "दोन्ही शून्य असतील तरच," मी शेवटी म्हटलं.

"मग क्ष तीन, य पाच. नीघ. फरशी शेवाळलीय, बघून पाय टाक."

बाईंचं सगळं बीजगणित या एका तत्त्वावर उभं आहे. ऋणेतर संख्या, म्हणजे शून्य किंवा त्याहून मोठ्या. त्यांची बेरीज शून्य आली, की प्रत्येक संख्या शून्य. कुणी कुणाला खोडून काढू शकत नाही. फळ्यावर कधी वर्ग असतात, कधी वर्गमुळं, कधी केवल मूल्यं, पण गुरुकिल्ली हीच. त्यामुळे आमच्या गल्लीत असे लोक आहेत ज्यांना त्रैराशिक येत नाही, पण हे येतं. दूधवाला सायकल न थांबवता ओरडतो, "तीन आन पाच, बाई! फाटक उघडा, दूध नासंल!" रिक्षावाल्या संत्याला एकदा फारच घाई होती. घाईतल्या माणसाला बाई कंस सोडवलेलं गणित देतात: क्ष² + य² − ६क्ष − १०य + ३४ = ०. संत्या पंधरा मिनिटं कपाळावर हात मारत उभा होता. "बाई, कालचंच हाय ना हे? कपडं बदलून आनलंय!" बाईंनी त्याला चिकू दिला. संत्याची गाडी चुकली, पण चिकू त्यानं अजून लोकांना ऐकवायचा सोडलेला नाही.

उणे या गोष्टीवर बाईंचा वैयक्तिक राग आहे. पनवेलच्या मॉलमध्ये लिफ्टमध्ये 'उणे एक' असं बटण बघून त्यांनी लिफ्टवाल्याला अडवलं. "उणे एक मजल्यावर उणी माणसं राहतात का?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, पार्किंग आहे." बाई जिन्यानं उतरल्या. कळंबच्या एका लग्नात आमटी खारट झाली तेव्हा आचारी म्हणाला, पाणी घालून मीठ कमी करतो. "मीठ तेवढंच राहणार," बाई पानावरूनच म्हणाल्या. "मीठ उणं घालता येत नाही. पातेलं मोठं करताय तुम्ही."

त्यांची मुलगी कॅनडात असते. दरवर्षी बोलावते, तिकीट काढते म्हणते. बाई जात नाहीत. "तिथं उणे वीस असतं," एवढंच कारण देतात. आम्ही सगळे हसतो. त्यासुद्धा हसतात.

या राज्यात एकाच माणसानं बाईंना हरवलंय. पळसदरीच्या वरच्या ठाकूरवाडीतून बारकी येते. पावसाळ्यात रानभाज्या, उन्हाळ्यात करवंदं. पहिल्या दिवशी तिनं डोक्यावरच्या टोपलीसकट फळ्याकडे पाहिलं.

"ह्ये काय लिवलंय, बाय?"

बाईंनी समजावलं. तीन वर्ग, बेरीज शून्य.

बारकी म्हणाली, "म्हंजी तीन टोपल्या मिळून एक करवंद नाय. मंग कंच्या टोपलीत असंल? कंच्याच नाय. टोपलीत उनं करवंद तं नसतंय."

बाई उठल्या. स्वतःच्या खुर्चीत बारकीला बसवलं. त्या खुर्चीत आजवर नगरसेवकसुद्धा बसलेला नाही.

आता माझी बाजू. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील कामगार संघटनेत, त्यामुळे मी अक्षरं गिरवली तीच 'जाहीर निषेध' या शब्दांवर. बारावीत असताना मी पहिलं स्वतंत्र पत्रक काढलं: 'अंगणातली हुकूमशाही'. सार्वजनिक वहिवाटीवर गणिताची सक्ती चालणार नाही, शेकडो नागरिकांची अडवणूक थांबवा, वगैरे. गल्लीत वाटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात त्याची एक प्रत आली, लाल पेननं तपासलेली. 'शेकडो' खाली रेघ: 'गल्लीत एकूण साठ माणसं.' 'हुकूमशाही' पुढे: 'व्याख्या द्या.' शेवटी: 'भाषा चांगली. सिद्धता नाही. दहापैकी चार.'

त्या दिवसापासून त्या मला क्रांती म्हणतात. माझं नाव क्रांती नाही.

पण खरं सांगायचं तर राजकारण मला वडिलांइतकंच बाईंनी शिकवलं. एका वर्षी गणपतीत लाऊडस्पीकर लावायचा की नाही, यावर सभा झाली. नगरसेवक भाऊ म्हणाले, "एकंदरीत सगळे खूश हायत." बाई ताडकन उठल्या. "एकंदरीत म्हणजे काय? तक्रार ऋण असते का? याचा आनंद वजा करून त्याचं डोकं दुखायचं थांबतं का? प्रत्येकाला विचारा. बेरीज शून्य आली तर लावा."

मी अनेक मोर्च्यांत गेलेय, पण विकासाच्या नावानं होणाऱ्या चलाखीवर इतकं नेमकं बोट ठेवलेलं ऐकलं नव्हतं. दहा जणांची सोय झाली म्हणून अकराव्याची गैरसोय मिटत नाही. तेव्हापासून गल्लीत नियमच पडला. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपल्या तक्रारींचा आकडा लिहायचा, नाव नाही. बेरीज शून्य, तर ठराव मंजूर. त्या लाऊडस्पीकरसाठी सात सभा झाल्या. तोवर गणपतीचं विसर्जन झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात गल्लीच्या टोकाला ओढ्यावर साकव झाला. पक्का, सिमेंटचा, कठडे असलेला. लोक त्यावरून मोटारसायकली नेतात. अडवणूक संपली म्हणून मी पेढे वाटले.

दूधवाला साकवावरून जाऊ लागला. संत्याही. पोरं तर धावतच. बाईंच्या फाटकाची कडी दिवसदिवस वाजेना. मी एकदा जाताना हाक मारली, "काय बाई, आता शांतता ना?"

"शांतताच शांतता," त्या म्हणाल्या. फळ्यावर समीकरण होतं. मला वाटलं, सवय.

आणि मग मी बाईंवर उपकार करायला निघाले. वडिलांच्या कागदांत मला बाईंचाच एक जुना अर्ज सापडला होता: 'माझ्या खाजगी अंगणातून होणारी रहदारी बंद करावी व ओढ्याच्या बाजूने भिंत बांधून मिळावी.' कित्येक वर्षं धूळ खात पडलेला! एका ज्येष्ठ नागरिक स्त्रीचा रास्त हक्क! माझं रक्त उसळलं. मी नगरसेवक भाऊंच्या मागे लागले, भिंत मंजूर करून आणली आणि विजयी मुद्रेनं बाईंना सांगायला गेले.

बाईंनी अर्ज चष्म्याजवळ धरून वाचला. "अक्षर माझंच आहे," म्हणाल्या.

"येत्या रविवारी सभेत मांडते. ठराव झाला की सोमवारी गवंडी."

"इतक्या लवकर?"

"अन्यायाला आधीच उशीर झालाय, बाई!"

"तुझं भाषेवर प्रभुत्व आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर सभा भरली. सोळा घरांची सोळा माणसं आणि बारकी. बारकीलाही चिठ्ठी द्यायची, हा बाईंचा आग्रह. "ती अंगणातून चालते. तिची तक्रार गल्लीच्या बाहेरची कशी?" मी अर्ज मोठ्यानं वाचला. कुणाचीच हरकत दिसेना. साकव होताच. भिंत झाली तर कुणाचं काय अडणार होतं?

एकच निळं बॉलपेन सगळ्यांत फिरलं. दूधवाल्यानं लिहिलं, संत्यानं लिहिलं. बारकीनं शून्य काढलं, चांगलं टोपलीएवढं. मी माझं शून्य ठसठशीत काढलं. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडल्या, आणि नगरसेवक भाऊ एकेक उघडून वाचू लागले.

"शून्य. शून्य. शून्य. शून्य..." मी मनात उद्याच्या पत्रकाचं शीर्षक जुळवत होते. "शून्य. शून्य. एक."

माझं शीर्षक अर्ध्यात राहिलं.

"एक?" भाऊंनी चिठ्ठी उलटसुलट केली. "कुनाची रं ही?"

त्यांनी ती आमच्या दिशेनं धरली. चिठ्ठीवर सरळ, रेखीव एक होता. लाल शाईत.

मी त्या लाल शाईकडे बघत राहिले. गल्लीत ती शाई न ओळखणारा एकही माणूस नाही. निम्म्या लोकांनी तिच्यात दहापैकी चार मिळवलेत. दूधवाला छताचे वासे मोजू लागला. संत्याला अचानक चपलेचा अंगठा सापडेना. बाई समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे अशा बघत होत्या, जणू तिथं काहीतरी सिद्ध करायचं राहिलंय.

"अवो, पन अर्ज बाईंचाच हाय. त्यांच्यासाटी भिंत, आन बाकी समदे खूश," भाऊ म्हणाले. "एका चिठ्ठीनं काय व्हतंय?"

भाऊ गल्लीत राहत नाहीत, त्यांना कोण सांगणार? बाईंनीच घसा खाकरला. नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता तो.

"बेरीज किती आली?"

"उरलेल्या वाचतो की." भाऊंनी उरलेल्या वाचल्या. सगळी शून्यं. "एक."

"एक म्हणजे शून्य का?"

"नाय."

"मग झालं."

"पन तक्रार काय हाय ते तरी कळू द्या! मिटवून टाकू."

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. एवढी वर्षं मी त्यांना उत्तर मागताना पाहिलं होतं, उत्तर अडलेलं आजच पाहिलं.

"चिठ्ठीवर आकडा लिहायचा असतो, भाऊ," मी उठून म्हटलं. "कारण नाही. नियम आहे." माझा आवाज सभेत पहिल्यांदाच घोषणेसारखा आला नाही. मी इतिवृत्तात लिहिलं: ठराव नामंजूर. अर्जाची घडी करून मी तो पिशवीत तळाशी घातला.

माणसं पांगली. दूधवाला जाताना उगाचच बाईंना म्हणाला, "ऊन लई झालं." बाई पायऱ्या उतरल्या. खाली बारकी चुंबळ वळत थांबली होती. मी तिच्या डोक्यावर टोपली चढवली.

"बाय, उंद्या कुटून येऊ?" तिनं विचारलं.

"साकवावरून ये," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "तुला तेच जवळ पडतं."

"नाय गं बाय. त्यो साकव हालतो. टोपली घिऊन भ्याव वाटतं मला."

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा चढवला आणि गल्लीच्या टोकाला असलेल्या त्या सिमेंटच्या साकवाकडे बराच वेळ बघितलं.

"हो गं," त्या म्हणाल्या. "हलतो खरा."