गौरीशंकरचे अकरा डबे

गौरीशंकरनं अणदूरच्या कॉलेजात वायफायचे अकरा डबे छताला ठोकले, आणि तेव्हापासून त्याचे पाय काही जमिनीला लागेनात. डबे बिनडोक असले तरी आपला मालक बरोबर ओळखतात, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. मालक म्हणजे ऑफिसातली चपटी पेटी, कंट्रोलर. तिचा पत्ता त्यानं प्रत्येक डब्याला घालून दिला होता. वीज जावो की येवो, डबे आपले आपण पेटीला गाठणार आणि हिरवा दिवा लावून कामाला लागणार!

ही बढाई त्यानं संस्थेचे सचिव अण्णाराव यांच्यापुढंही मारली. अण्णारावांची मुलगी शिवरंजनी त्याच्या मनात भरली होती आणि तिच्या मनात तो. अण्णारावांनी मात्र आधी काम बघू, मग लग्नाचं बोलू, असं सांगून खांडेनवमीचा दिवस ठरवला.

त्या दिवशी अकरा वाजता अण्णाराव आले, आणि अकराही डबे नारिंगी डोळे मिचकावत होते. पेटी सापडत नाही, असा त्याचा अर्थ. ऑफिसात जाऊन पेटी बघावी, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण पेटी त्यानं स्वतः बसवलेली! ती चुकणं शक्यच नव्हतं. चुकणार ते डबेच.

त्यानं शिडी लावली. डब्याच्या बारीक भोकात टाचणी घातली, दहा आकडे मोजले, डबा रिसेट केला. नारिंगीच! दुसरा, तिसरा, चौथा... घामानं सदरा पाठीला चिकटला. अण्णाराव खाली खुर्ची टाकून शांतपणे बघत होते, आणि तेच त्याला जास्त झोंबत होतं.

नऊ डबे झाले आणि कॉलेजच्या सेविका हरणाबाई शिडी मागायला आल्या. खांडेनवमीच्या हत्यारपूजेत शिडीचीही पूजा करायची होती. गौरीशंकर विनवण्या करत शिडीमागं सभागृहापर्यंत गेला आणि दारातच थबकला. पाटावर कॉलेजची घंटा, माळ्याचं खुरपं, कात्री, आणि मधोमध हळदीकुंकवानं माखलेली, झेंडूचा हार घातलेली त्याची पेटी!

"तुमीच म्हणला होतात न्हवं," हरणाबाई म्हणाल्या, "ही पेटी म्हंजे कॉलेजातलं सगळ्यात मोठं हत्यार. मग हिलाच कसं वगळावं?"

त्यानं हात पुढं केला, तसे मागोमाग आलेले अण्णाराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पूजेतलं हत्यार आज उचलत न्हाईत."

दसऱ्याला सकाळी पेटी जागेवर गेली. दोन मिनिटांत दोन डबे हिरवे झाले, आपले आपण, जसं तो म्हणत होता तसंच. बाकीचे नऊ नारिंगीच राहिले. रिसेट केल्यामुळं ते पेटीचा पत्ताच विसरले होते. म्हणजे काल तो नुसता खुर्चीत बसून राहिला असता, तरी आज सगळे अकरा चालले असते! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

अण्णारावांनी वर बघितलं. "म्हंजे ज्या दोघांना तुमचा हात लागला न्हाय, तेवढेच नीट चालत्यात."

गौरीशंकरला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. लग्न मोडलंच म्हणून त्यानं मान खाली घातली. अण्णारावांनी त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"चूक कुणावर ढकलली न्हाय तुम्ही. हरणाबाईवरबी न्हाय. मला तेवढंच बघायचं होतं. चढा आता, जावईबापू."

गौरीशंकर मुकाट्यानं नऊ वेळा शिडी चढला. सासरे खाली शिडी धरून उभे होते, आणि प्रत्येक डब्यापाशी एकदाच विचारत होते, "पेटी चालू हाय ते बघितलं का?"