तिन्ही सभांचं एकमत

ही गोष्ट १९८४ सालची. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्वेकर या मौनात प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या सभागृहाच्या माडीवर एक खोली रिकामी होती आणि एल साल्वादोरहून आलेल्या ओतिलियाला आसरा हवा होता. तिच्या नवऱ्याला तिकडच्या लष्कराने नेलं होतं. इथल्या सरकारने तिला तीन डिसेंबरला परत धाडायचं ठरवलं होतं. सप्टेंबरच्या सभेत आम्ही सगळे लगेच 'हो' म्हणालो.

फक्त, न्यायाचं काम एकट्याने करणं हा गर्व झाला. म्हणून नदीपलीकडच्या आणि टेकडीवरच्या क्वेकर सभांनाही सामील करून घेतलं. आमच्यात मतदान नसतं. शेवटच्या माणसाचं मन राजी होईपर्यंत सगळे थांबतात.

ऑक्टोबरात टेकडीवरच्या विनिफ्रेडचं मन राजी होईना. "माडीचा जिना फार करकरतो गं. रविवारी आपण मौनात बसलेले, आणि ही वर-खाली करायला लागली तर?"

जिना-समिती नेमली. नोव्हेंबरात समितीने पायऱ्यांवर गालिचा सुचवला. तेव्हा नदीपलीकडचा थॅडियस उठला. "गालिचा विणणाऱ्यांना रास्त मजुरी मिळते का? एकीला न्याय देताना दुसरीवर अन्याय नको."

आमचे डोळे पाणावले. गालिचा-उपसमिती नेमली.

मागच्या बाकावरून ओतिलिया म्हणाली, "बाई, मी अनवाणी चढेन की! रविवारी तर खाली उतरणारच नाही."

सभा चालवणाऱ्या हॉरेसने तिचे आभार मानले आणि तिच्या शब्दांवर मौन पाळायला सांगितलं. वीस मिनिटं गेली. इतकं खोल मौन मी पुन्हा अनुभवलं नाही.

"मग जाऊ का वर?" तिने माझ्या कानात विचारलं.

"अगं, नऊ डिसेंबरला ठरेल."

"मला तीनला नेतील."

"हो गं. पण आपली सभा नऊलाच असते."

तीनला तिला नेलं. नऊला आम्ही तीव्र खेद नोंदवला. एकमताने.

पुढच्या वसंतात थॅडियसला रास्त मजुरीचा गालिचा सापडला आणि विनिफ्रेडचं मन राजी झालं. दोघंही आता नाहीत. हॉरेस नव्वदीत, सभेतच, मौन चालू असताना गेला. आम्हाला बऱ्याच वेळाने कळलं. ओतिलियाचं एक पत्र आलं, त्यावर पत्ता नव्हता. नंतर काहीच नाही. उपसमिती अजून आहे.

मी तेव्हा चार खोल्यांच्या घरात एकटी राहत होते, आजही राहते. तिन्ही सभांची मिळून एकसष्ट घरं होती. त्यांचा विषय कुणीच काढला नाही. तुम्हीसुद्धा इथवर त्या माडीवरच्या खोलीचीच काळजी करत आलात ना?