वास येता काय?

चवथीच्या आदल्या दिवशी गोकुळदासबाबांनी जुन्या फियाटची टाकी काठोकाठ भरून आणली आणि गाडी दारात लावतात न लावतात तोच त्यांच्या मुलाचा, ओंकारचा, मस्कतहून फोन आला, सुटी मिळाली नाही म्हणून. त्याला मोपाच्या विमानतळावरून आणायचं आणि मग चार घरी मिरवायचं, असा बेत होता. "बाबा, फुडल्या वर्सा नक्की," तो म्हणाला. हे फुडलं वर्स दर वर्षी पुढेच सरकत होतं. बाबांनी बरं म्हटलं आणि एकट्यानेच माटोळी बांधली. स्टूल धरायला कोणी नव्हतं, त्यामुळे फळं-पानं लटकवलेली ती चौकट गणपतीच्या डोक्यावर एका बाजूला कलली.

सकाळी पूजा आटोपते तोच शेजारच्या गंगावहिनी कुंपणापाशी आल्या. त्यांच्या मोदकांना पेट्रोलचा वास येत होता. बाबांनी डिकी उघडली. टाकीत पेट्रोल किती आहे ते सांगणारा फ्लोट टाकीच्या माथ्यावर बसवलेला असतो. त्याच्याखालचं रबरी पॅकिंग वाळून चिरलं होतं आणि तिथून पेट्रोल पाझरत होतं. गाडी ओसरीला खेटून, आत समई. गाडी रस्त्यावर न्यावी तर तिथे पोरांचे फटाके.

"ह्यो वास असासर मी थंय कोणाक दिवो लावूक देवचंय नाय," गंगावहिनींनी बजावलं. "सांजची आरती तुमचा घर सोडून फुडे जातली."

हे मात्र बाबांच्या जिव्हारी लागलं. मुलगा येत नाही याची त्यांनी सवय करून घेतली होती. पण बायको, सुमन, गेल्यापासून वर्षातली ही एकच संध्याकाळ अशी होती, की मातीचं घुमट वाजवत माणसं घरात शिरत आणि घर भरल्यासारखं वाटे. त्यांनी देवाची माफी मागून समई मालवली आणि शिवदास मेस्त्रीला फोन लावला.

"काका, आज मी हातात पानो धरूचंय नाय," शिवदास तोंडात लाडू ठेवूनच बोलत होता. "पाव टाकी जळली काय गळाचा आपसूक बंद जातला. गाडी फिरवून हाडा."

सल्ला सोपा होता, अडचण पुढे होती. पाव टाकी जळली हे कळणार कसं? फ्लोट अडकल्यामुळे काटा कित्येक वर्षं 'फुल्ल'वरच उभा. वासावरून ओळखावं, तर सकाळपासून हुंगून हुंगून नाक मेलेलं. म्हणजे वास घ्यायला दुसऱ्याचं नाक हवं, आणि चवथीच्या दिवशी नाकं आपापल्या घरी.

नाइलाजाने ते सुर्ल्याला चुलतभाऊ महादेवकडे गेले. आपण नुसते वास विचारायला आलोय, आत येत नाही, असं त्यांनी रस्त्यावरूनच सांगितलं. पण चवथीला दारातून कोण परत जाऊ देतो? आधी पाया पडणं झालं, मग नेवऱ्या, म्हणजे करंज्या, झाल्या, मग इतकी वर्षं कुठे होतात म्हणून रागावणं झालं. शेवटी महादेवच्या नातीने, सेजलने, डिकीत डोकं घालून निकाल दिला, "येता. खूप येता." वाटेसाठी नेवऱ्यांचा डबा मिळाला, तो तिनेच डिकीत ठेवला.

तिथून थेट इब्रामपूर. तिथे सुमनचा भाऊ अनंत राहायचा. बाबांनी ते घर मुद्दाम टाळलं होतं, कारण अनंत हसला की सुमनसारखा दिसे. अनंतने गंभीरपणे डिकी हुंगली. "थोडो येता," म्हणाला आणि हसला. बाबांचे डोळे भरून आले. पेट्रोल डोळ्यांत गेलं, असं त्यांनी सांगितलं. अनंतलाही ते पटलं असावं, कारण तोही डोळे पुसू लागला. मग मिश्र भाज्यांचं पोटभर खतखतं, आणखी एक डबा.

परतताना बाबांनी मुद्दाम लांबची वाट धरली. कारापूरला घरी पोचले तेव्हा दिवेलागण झालेली, ओसरीवर घुमटं घेऊन सगळी आरतीमंडळी खोळंबलेली, आणि दाराला कुलूप.

"खंय होतात तुमी दिसभर?" गंगावहिनी कडाडल्या.

बाबा जागच्या जागी उभे राहिले. सुमन अस्संच विचारायची. ती गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी डिकी उघडली. "वास येता काय?"

अख्खी मंडळी एकेक करून वाकली. गंगावहिनींनी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त वेळ वास घेतला.

"येता," त्या म्हणाल्या. "नेवऱ्यांचो."

समई लागली. आरती अशी दणाणली, की माटोळी हलून जवळजवळ सरळ झाली.

चवथ सरल्यावर शिवदास नवा फ्लोट आणि नवं पॅकिंग घेऊन हजर झाला.

"आता कितीय भरा, गळाची नाय. काटोय चलतलो."

"आजिबात गळाची नाय?"

"आजिबात नाय."

बाबांनी पॅकिंग हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि खिशात टाकलं. "रवांदे, शिवदास. फुडल्या रविवारी सुर्ल्याक जावचा असा."

आणि गाडी काढून ते पंपावर गेले. किती भरू, असं पोराने विचारलं.

"काठोकाठ," बाबा म्हणाले.