चार मोजे आणि एक घंटा

एका जंगलात, बाळांनो, एका सोमवारी सकाळी हजेरीच्या झाडाला लाल लोकरीचा एक मोजा टांगलेला दिसला.

तुम्ही म्हणाल, मोजाच तर आहे, त्यात काय एवढं? पण त्या जंगलात मोजे घालणारं कुणीच नव्हतं. म्हणून भिंगरी भेकरी दचकली.

भेकर ही हरणाचीच एक जात. अंगानं लहान, जिवानं भित्रं, पण ओरडतं मात्र कुत्र्यासारखं. भिंगरी तर वाऱ्यानं पान हललं तरी दचकायची. आणि दचकणं हीच तिची नोकरी होती. ती जंगलाच्या इशारा कचेरीत कामाला होती आणि रोज सकाळी त्याच झाडाखाली हजेरी लावायची.

कचेरीचं काम सोपं होतं. बिबट्या निघाला की भिंगरीनं ओरडायचं. तिची हाक ऐकून उंच झाडावरच्या हुप्पेकाका वानरांनी ओ द्यायची. ओ मिळाली की सगळ्यांनी पळायचं. एकट्याच्या हाकेवर पळायचं नाही, कारण एकटा जीव चुकूही शकतो. या नियमावर कितीतरी पिढ्या जगल्या होत्या.

"साहेब, तो मोजा कुणाचा?" भिंगरीनं विचारलं.

साहेब म्हणजे सांबरराव. शिंगं एवढी मोठी, की त्यांच्या भारानं त्यांची मान कायम होकारार्थी हलायची.

"अगं, नाताळ आहे!" सांबरराव म्हणाले. "शोभेचा मोजा आहे तो. चला, सभेला चला."

दर हिवाळ्यात थंड मुलखातून एक करकोचा त्या जंगलात यायचा. बारा देशांचं पाणी प्यायलेला. या वर्षी सांबररावांनी त्याला व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय होता, तिकडच्या कचेऱ्यांतला नाताळ.

करकोचा एका पायावर उभा राहिला. घसा खाकरून म्हणाला, "इंग्लंडात कचेरीतले लोक चिठ्ठ्या काढतात. ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची. जेवताना डोक्यावर कागदी मुकुट घालायचे."

"अहाहा," सांबरराव म्हणाले.

"डेन्मार्कात दुपारी जेवायला बसले, की संध्याकाळपर्यंत उठत नाहीत. फिलिपिन्समध्ये नाताळची गाणी सप्टेंबरातच सुरू होतात. ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा, म्हणून कचेरीतले लोक उघड्यावर मांस भाजतात."

"कुणाचं?" भिंगरीनं विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिनं मान खाली घातली.

"जपानात नाताळला तळलेली कोंबडी खातात," करकोचा म्हणाला. रानकोंबडा उठून निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

"यातलं आपण काय करायचं म्हणता?" हुप्पेकाकांनी विचारलं.

"सगळं!" सांबरराव म्हणाले. "आपण काय कुणापेक्षा कमी आहोत?"

"आणखी एक," करकोचा म्हणाला. "तिकडे या जेवणाला बाहेरच्यांनाही बोलावतात. ज्यांच्या जिवावर कचेरी चालते, त्यांना."

सगळे विचारात पडले.

"आपली कचेरी तर बिबटेसाहेबांच्या जिवावर चालते," हुप्पेकाका म्हणाले. "ते नसते, तर आपल्याला कुत्रं तरी विचारतं का?"

टाळ्या पडल्या.

मंगळवारी झाडाला दुसरा मोजा आला. बुधवारी तिसरा. गुरुवारी चौथा.

"साहेब, चार मोजे झाले," भिंगरी म्हणाली. "आपल्या खुरांना मोजे बसत नाहीत. ज्याला बसतील असा..."

"भिंगरी, तुझं ना, नेहमी असंच," सांबरराव म्हणाले. "सणासुदीला तरी चांगलं बोलावं. हे घे, गळ्यात घाल."

ती घंटा होती. थंड देशांत गाडी ओढणाऱ्या हरणांच्या गळ्यात असते म्हणे, म्हणून खुरवाल्या सगळ्यांना एकेक मिळाली. भिंगरी थरथरली की घंटा वाजायची. घंटा वाजली की ती दचकायची. दचकली की घंटा पुन्हा वाजायची. बिचारीनं शेवटी श्वास बेतानं घ्यायला सुरुवात केली.

शुक्रवारी चिठ्ठ्या निघाल्या. भिंगरीनं आपली उघडली. आत लिहिलं होतं, 'बिबटेसाहेब'.

ती धावत सांबररावांकडे गेली. "साहेब, ही बदलून द्या ना."

"छे! एकदा निघाली ती निघाली."

"पण मी त्यांना काय देऊ?"

"त्यांना आवडतं ते दे," सांबरराव म्हणाले. "भेट कशी, मनापासून हवी."

भिंगरी दोन दिवस विचार करत राहिली. शेवटी तिनं आवळे वेचले. एकेक पुसून पळसाच्या पानात बांधले. बिबट्या आवळे खात नाही, हे तिला ठाऊक होतं. पण रिकाम्या हातानं जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

नाताळच्या दुपारी पंगत बसली. बिबटेसाहेबांसाठी पान मांडून ठेवलं होतं.

"येणार आहेत ना?" कुणीतरी विचारलं.

"येणार म्हणजे? जेवायलाच येतो म्हणालेत," सांबरराव म्हणाले. "डेन्मार्क लक्षात आहे ना? कुणी उठायचं नाही!"

हुप्पेकाकाही झाडावरून उतरून पंगतीत बसले होते. त्यांचा कागदी मुकुट डोळ्यांवर घसरला होता. सगळे नाताळचं गाणं म्हणत होते.

भेट मात्र झाडाखाली गुपचूप ठेवायची होती. तेवढ्यासाठी भिंगरीला सूट मिळाली. ती आवळ्यांची पुडी तोंडात धरून हजेरीच्या झाडाकडे गेली. झाड पंगतीपासून जरा लांब, सागांच्या पलीकडे होतं.

तिनं वर पाहिलं.

झाडाला एकही मोजा नव्हता.

तिनं खाली पाहिलं. जमिनीवर सागाची वाळकी पानं पसरली होती. त्यांच्यावरून उंदीर गेला तरी आवाज व्हायचा. कान देऊन तिनं ऐकलं. कुठं काही वाजलं नाही. फक्त एका पानाला लोकरीचा लाल धागा अडकला होता.

पुडी तिच्या तोंडातून गळली. आवळे घरंगळत गेले.

भिंगरी ओरडली.

"वा!" पंगतीतून सांबररावांचा आवाज आला. "भिंगरीपण गायला लागली! बघा, सण माणसाळवतो तो असा!"

भिंगरी पुन्हा ओरडली. जीव खाऊन ओरडली.

"जरा खालच्या पट्टीत घे गं पोरी!" हुप्पेकाका घास चावत म्हणाले.

"काका, ओ द्या!" ती रडवेली होऊन म्हणाली. "ओ द्या ना, काका!"

हुप्पेकाकांनी मुकुट सावरला. पण उठायचं नव्हतं, आणि तोंडात घास होता. त्यांनी नुसता हात हलवला.

एकटीनं पळावं का? तिचे पाय शिवशिवले. पण ओ मिळाल्याशिवाय बाकीचे उठणार नव्हते. ते सगळे तिथं बसलेले, गळ्यात घंटा, डोळ्यांवर मुकुट. ती पळाली, तर त्यांना कोण सांगणार? आणि उगाच पळाले असं ठरलं, तर उद्या कचेरीत तोंड कसं दाखवणार?

ती तिसऱ्यांदा ओरडली. गळ्यातली घंटा किणकिणत राहिली. पंगतीत गाण्याचं नवं कडवं सुरू झालं.

आणि मग, बाळांनो, अखेर तिच्या हाकेला ओ मिळाली.

"ओ, भिंगरीताई," आवाज मागून आला. अगदी जवळून, अगदी मायेनं. "किती तो घसा ताणायचा! आलो ना मी. आणि हे आवळे कशाला आणलेत? आपली उपस्थिती हाच आहेर."

तात्पर्य : अडचणीत सापडल्यावर न लाजता हाक मारावी. ज्याला आपली खरोखर गरज असते, तो धावून येतोच.